फक्त अवलोकनार्थ

माणसामाणसांतला कलह कायमचा मिटवण्याचा उपाय मानवजातीला नेमका कधी सापडला, त्याची तारीख उपलब्ध आहे. १६ फेब्रुवारी २०४०, गुरुवार, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटे. ऋषिमुनींना आणि शांतता परिषदांना जे साधले नाही ते त्या दिवशी राज्य पर्जन्य व पातळी मोजणी महामंडळाच्या मुख्यालयात साधले. उपाय असा होता, की ज्यांचे पटत नाही त्यांना एकमेकांचे पत्ते दिसू द्यायचे नाहीत.

वेळ इतकी नेमकी ठाऊक असण्याचे कारण म्हणजे उद्घाटनाचे पेढे कमी पडल्यावरून लगेच जी भांडणे झाली, ती हा उपाय राबवणाऱ्या यंत्राच्या पहिल्याच अहवालात वेळेसकट नोंदली गेली.

महामंडळाचे काम पाऊस मोजण्याचे आणि नद्यांची पातळी मोजण्याचे. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी वर्षाचे आठ महिने नसतात. त्या आठ महिन्यांत महामंडळाचे अकरा हजार दोनशे आठ कर्मचारी एकमेकांना मेल लिहीत.

या मेलच्या मुळाशी असते नामावली, म्हणजे सगळ्यांचे पत्ते असलेले वहीसारखे एक प्रकरण. मोठ्या मेल-सर्व्हरवर फार जुन्या काळापासून एक सोय आहे: ही वही सगळ्यांना सारखी दाखवायची नसेल तर तिच्यावर धोरण लावता येते. एकाच इमारतीला दोन जिने बांधावेत आणि एका जिन्यावरच्या माणसाला दुसरा जिना असल्याचाही पत्ता लागू नये, तसे. एका धोरणातली माणसे एकमेकांना दिसतात. दुसऱ्या धोरणातला माणूस जिवंत असतो, पगार घेतो, हजेरी लावतो; फक्त तुमच्यापुरता तो नसतो. कोणाचे नाव खोडावे लागत नाही, की कोणाचा अपमान होत नाही. ज्याला वगळले त्याला तर ते कळतही नाही.

पूर्वी हे फक्त मेलपुरते होते. २०३८ साली शासनाने कर्मचाऱ्यांना फोन फुकट दिले आणि त्याबरोबर नंबर ही चीजच रद्द केली. नामावलीतले नाव उच्चारायचे, फोन लागायचा. फुकट म्हटल्यावर सगळ्यांनी आपापले जुने फोन मोडीत काढले. पुढे कार्यालयाचे दार, बैठकीची खोली, रजेचा अर्ज, सगळेच नामावलीला जोडले गेले. म्हणजे तुमच्या वहीत जो नाही त्याला तुम्ही फोन करू शकत नव्हता, आणि तो दाराशी आला तरी दार त्याला ओळखत नव्हते.

अशा वेळी महामंडळात ‘सौहार्द’ हे यंत्र आले. सौहार्द सगळ्यांचे मेल वाची. पण शब्दांवर फारशी भिस्त न ठेवता त्यांची चाल पाही. उत्तर किती तासांनी आले, मागच्या पत्रांचे संदर्भ किती वाढले, ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर’ म्हणून वर किती साहेबांना कागद गेला, मायना ‘प्रिय’वरून ‘महोदय’वर कधी घसरला. यावरून तो दोन माणसांमधला दाह-अंक काढी, शून्य ते शंभर. अंक नव्वदच्या वर गेला की दोघांची धोरणे वेगळी. विस्तवाला हवा लागते तसा भांडणाला पत्ता लागतो, हे यामागचे विज्ञान. ते चूक होते असे कोणालाच म्हणता आले नाही, कारण पहिल्या वर्षातच महामंडळातल्या तक्रारी चौऱ्याण्णव टक्क्यांनी घटल्या.

व्यंकटेश डोईफोडे हे महामंडळाच्या नांदेड कार्यालयात संगणक कक्षाचे प्रमुख होते. कक्षात ते एकटेच असल्याने प्रमुखपदाबद्दल वाद नव्हता. वय एक्कावन्न. त्यांची पत्नी वृषाली महामंडळाच्याच सावंतवाडी कार्यालयात तपासणी अधिकारी होती. नांदेड आणि सावंतवाडी यांच्यामध्ये जवळजवळ सगळा महाराष्ट्र येतो. गेली नऊ वर्षे हा संसार त्या अंतरावर चालला होता.

शासनाला अशा जोडप्यांची दया येते. त्यासाठी ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ नावाची बदली असते. मात्र दोघांच्या लायकीच्या दोन जागा एकाच गावात एकाच वर्षी रिकाम्या व्हाव्या लागतात. नऊ वर्षांत त्या झाल्या नव्हत्या. २०४१ साली सोलापुरात झाल्या. अर्जाची मुदत ३१ मे, सायंकाळी पाच. ही संधी हुकली तर पुढचे एकत्रीकरण तीन वर्षांनी, आणि तोवर सोलापूरच्या जागा कोण रिकाम्या ठेवतो!

तर ३१ मे रोजी दुपारी दोन वाजता डोईफोडे अर्ज भरायला बसले. शेवटच्या दिवशी बसले, कारण त्यांच्यात आणि वृषालीत अबोला होता.

अबोल्याचे कारण साधे होते. १९ मे हा त्यांच्या लग्नाचा वाढदिवस, आणि तो डोईफोडे विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी वृषालीचा मेल आला. त्याला उत्तर द्यायला ते दुपारी बसले तर नामावलीत तिचे नावच नव्हते. डोईफोड्यांना आश्चर्य वाटले नाही. नामावलीत ‘स्वतःस अदृश्य ठेवा’ अशी एक सोय होती, आणि २०३९ साली शेगडीच्या वादात वृषालीने ती चार दिवस वापरली होती. म्हणजे आता पुन्हा वापरली असणार. राग शांत होईल, नाव परत येईल. आपल्याच बायकोला आपण ओळखत नाही का?

रविवारी पुण्याहून मुलीचा, शर्वरीचा फोन आला होता. तिच्या फोनला नंबर होता, कारण ती सरकारी नोकरीत नव्हती.

“आई काय म्हणते?” डोईफोड्यांनी सहज विचारल्यासारखे विचारले.

“तेच ती तुमच्याबद्दल विचारत होती. बाबा, मी तुमच्या अबोल्यात पडणार नाही. मागच्या वेळी पडले तर तुम्ही दोघं एक झालात आणि माझ्यावर उलटलात.”

“मी काही म्हटलं का?”

“ती पण हेच म्हणाली. जेवताय ना नीट?”

“कढी करायला शिकलोय.”

“अरे देवा,” असे म्हणून शर्वरीने फोन ठेवला होता.

आज अकरावा दिवस. अर्जात रकाना होता: ‘जोडीदाराचे नाव (नामावलीतून निवडा).’ डोईफोड्यांनी ‘वृषाली’ लिहिले. पडद्यावर उत्तर आले: ‘या नावाची व्यक्ती आढळत नाही.’ त्याखाली मदतीसाठी एक बटण उगवले: ‘आपण अविवाहित आहात का?’

आता मात्र त्यांना घाम फुटला. शेगडीच्या वेळी चार दिवस लागले होते. आणि मुदत तिलाही ठाऊक होती. सोलापूरचा शोध तर तिनेच लावला होता. ती आजही अदृश्य असेल तर याचा अर्थ... पुढचा विचार त्यांनी केला नाही. ते उठून आस्थापना शाखेत गेले.

तिथे घोगरे मॅडम होत्या. बदल्यांचे अर्ज त्यांच्याकडे.

“मॅडम, बायकोचं नाव यादीत येत नाही. हाताने लिहून घेता का?”

“हाताने कसं घेऊ सर? रकान्यात निवडायचंय ते.”

“लग्नाचं प्रमाणपत्र आणून देतो.”

“आणा की. पण ते निवडता कुठं येतं? माझ्या बी मालकाचं नाव निघंना झालंय फेब्रुवारीपासून. किनवटला आहेत ते. मी बोंब मारायलेय का?”

“मग तुम्ही अर्ज नाही केला?”

“कशाला? शांतता आहे,” घोगरे मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी डब्याचे झाकण उघडले.

डोईफोडे कक्षात परतले. महामंडळात सगळे जण संगणकाशी बोलून काम करत. ‘सौहार्द, अमुक काढ’ म्हटले की सौहार्द गोड आवाजात ते काढून देई, आणि जे द्यायचे नसेल ते नाही असे त्याहूनही गोड आवाजात सांगे. डोईफोड्यांनी त्याला विचारून पाहिले.

“वृषाली डोईफोडे कुठे आहेत?”

“आपला दिवस शुभ जावो,” सौहार्द म्हणाला.

मग त्यांनी काळा पडदा उघडला.

काळ्या पडद्यावर आवाज नसतो, चित्र नसते, शुभेच्छाही नसतात. एक ओळ लुकलुकत असते आणि तिच्यापुढे आज्ञा टंकावी लागते. टंकलेले बरोबर असेल तर सर्व्हर आहे ते सांगतो. ही विद्या येणारे महामंडळात ते एकटेच उरले होते. या आज्ञा पूर्वी इंग्रजीत असत. राजभाषेचा आग्रह आला तेव्हा त्या मराठीत आणायला समिती बसली. समितीने आधी इंग्रजी आज्ञा बंद केल्या आणि मग मराठी शब्दांवर चर्चा सुरू केली, त्यामुळे मधले आठ महिने सर्व्हरला कोणी काही बोलू शकले नाही. त्या आठ महिन्यांत सर्व्हर उत्तम चालला, हे नोंदवणे भाग आहे.

डोईफोड्यांना या पडद्यावर अवलोकनाचा अधिकार होता. पाहायचे सगळे, बदलायचे काही नाही. सरकारी नोकरीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला याची सवय असते.

त्यांनी टंकले: ‘दाखवा नामावली-धोरण’.

२०२९ साली त्यांनी स्वतःच्या हाताने चार धोरणे केली होती: मराठवाडा, विदर्भ, कोकण आणि उर्वरित. चार ओळी येतील म्हणून ते थांबले. ओळी यायला लागल्या त्या थांबेनात. सव्वादोन वाजले, अडीच झाले. डोईफोडे चष्मा पुसून पुन्हा पाहू लागले. शेवटी पडदा स्थिरावला आणि खाली बेरीज आली: एकूण धोरणे अकरा हजार दोनशे सहा.

अकरा हजार दोनशे आठ माणसे आणि अकरा हजार दोनशे सहा धोरणे. सौहार्दने महामंडळातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाला एकेक स्वतंत्र जिना बांधून दिला होता. कोणाच्या वहीत पाच नावे उरली होती, कोणाच्या दोन. एकच धोरण असे निघाले, की ज्यात तीन माणसे सुखाने नांदत होती: गोंदिया कार्यालयातले तीन शिपाई. त्यांनी सहा वर्षांत मेल उघडलेलाच नव्हता.

आता स्वतःचे धोरण पाहायचे. प्रत्येक धोरणात वगळलेल्या नावांची यादी असते आणि नावापुढे ‘कर्ता’ असा रकाना असतो, म्हणजे वगळले कोणी. तिथे ‘सौहार्द’ असेल तर ते यंत्राचे काम. तिथे ‘स्वतः’ असेल तर वृषालीचे.

डोईफोड्यांनी आज्ञा टंकली आणि बटण दाबण्याआधी उठून पाणी प्यायले. पंचवीस वर्षांच्या संसारात बायकोच्या मनात काय आहे हे असे स्पष्ट, रकाना पाडून, कोणी दाखवले नव्हते. ते पाहावे की नाही याचा त्यांनी बाटली संपेपर्यंत विचार केला. मग बटण दाबले.

‘वगळले: वृषाली व्यंकटेश डोईफोडे. दिनांक: २० मे. कर्ता: सौहार्द. कारण: दाह-अंक ९१.’

ते खुर्चीत मागे रेलले. मोकळा श्वास सोडला, आणि लगेच रागाने लाल झाले. एक्क्याण्णव? गेल्या वर्षी कोकणच्या दोन अभियंत्यांनी एकमेकांवर छत्र्या उगारल्या होत्या, त्यांचा दाह-अंक त्र्याऐंशी होता.

त्यांनी पुरावा मागवला. चारशे बारा मेल निघाले, नऊ वर्षांचे. पहिला वृषालीचा, सावंतवाडीला हजर झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यातला:

‘विषय: फोन न करण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की आपण काल रात्री फोन केला नाही. तरी आपला खुलासा दोन दिवसांत सादर करावा.’

त्यावर त्यांचे उत्तर: ‘संदर्भ: आपले कालचे पत्र. महोदया, झोप लागली होती. सबब प्रकरण नस्तीबंद करावे ही विनंती.’

आणि तिचे परत: ‘आपल्या खुलाशाने समाधान झालेले नाही.’

ते पत्र आले त्या दिवशी डोईफोडे कक्षात एकटेच मोठ्याने हसले होते. तिथून ती रीतच पडली. शर्वरीच्या बारावीच्या निकालाचे परिपत्रक निघाले होते. शेगडीवरून सात स्मरणपत्रे झाली, त्यातले शेवटचे ‘अंतिम’ आणि त्याच्यानंतर आणखी एक. वृषाली तापाने आजारी पडली तेव्हा ‘प्रकृती अहवाल दररोज सकाळी न चुकता सादर व्हावा’ असा त्यांनी आदेश काढला होता, आणि तिने तो आठ दिवस पाळला होता. प्रत्येक पत्राखाली ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर: देव्हाऱ्यातील गणपती, सावंतवाडी’. सगळ्यांत अलीकडचे २० मेचे, वाढदिवसाबद्दलचे. ‘कारणे दाखवा नोटीस. मुदत अठ्ठेचाळीस तास.’

दूरच्या नवरा-बायकोंनी एकमेकांना काय लिहायचे असते ते कोणी शिकवत नाही. या दोघांना सरकारी पत्र तेवढे चांगले लिहिता येत होते. ते त्यात सगळे लिहीत. सौहार्दने मात्र संदर्भ मोजले, स्मरणपत्रे मोजली, मायना पाहिला, आणि इतका कडाक्याचा वैरभाव त्याने महामंडळात दुसरीकडे पाहिला नव्हता.

घड्याळात साडेतीन झाले होते. डोईफोड्यांनी ‘बदला’ अशी आज्ञा टंकून पाहिली. उत्तर आले: ‘आपणांस अवलोकनाचा अधिकार आहे.’ पुढे काहीच नव्हते.

मग त्यांनी विचारले, बदलण्याचा अधिकार कोणाला? सर्व्हरने एकच नाव दिले. श्री. पद्माकर उखळीकर, सहसंचालक (नामावली). हे नाव डोईफोड्यांनी वर्षभरात कुठेही पाहिले नव्हते. कार्यालय कुठे ते विचारले. सर्व्हर म्हणाला: नांदेड, याच इमारतीत, तिसरा मजला, खोली ३१२.

तिसऱ्या मजल्यावर अडगळ आहे अशी सगळ्यांची समजूत होती. अडगळ होती, आणि तिच्या पलीकडे ३१२ होती. डोईफोड्यांनी दार वाजवले. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

“कोण?” आतून विचारले गेले.

“डोईफोडे, संगणक कक्ष.”

दार उघडले. पांढऱ्या दाढीचा एक गोरा गृहस्थ त्यांच्याकडे पाहत राहिला. “माणूस!” तो म्हणाला. “या, या. बसा ना. चहा घेणार? मीच करतो. चौदा महिने झाले, मीच करतो.”

उखळीकर साहेब निवांत होते. खिडकीत कोथिंबीर लावली होती. सांगता सांगता कळले ते असे: ते नामावलीचे सहसंचालक होते आणि शिवाय तक्रार निवारण अधिकारीही होते. सौहार्द आल्यावर सगळ्यांनी आपापली पहिली तक्रार त्यांच्याकडे पाठवली. महिन्याभरात अकरा हजारांबरोबर त्यांचा दाह-अंक नव्वदच्या वर गेला, आणि ते सर्वांच्या वहीतून आणि सर्वजण त्यांच्या वहीतून नाहीसे झाले.

“तेव्हापासून एकही तक्रार नाही,” साहेब म्हणाले. “लोक सुधारले हो, डोईफोडे.”

डोईफोड्यांनी घड्याळाकडे पाहिले.

“मला आधी वाटलं महामंडळ बंद झालं. पण पगार येतो. मग म्हटलं, बढती झाली असेल. फार वर गेलं की असंच एकटं असतं म्हणतात.”

“साहेब, एक काम होतं.” डोईफोड्यांनी सगळे सांगितले.

साहेब हळहळले. “करतो की! अधिकार आहे माझ्याकडे. सौहार्द, डोईफोड्यांचं धोरण काढ.”

“आपल्या नामावलीतून व्यक्ती निवडा,” सौहार्द म्हणाला. पडद्यावर नामावली उघडली. ती रिकामी होती.

“हे असंच होतं,” साहेब म्हणाले. “अधिकार सगळे आहेत. माणूस एक दिसत नाही.”

तेवढ्यात मुख्य दाराच्या यंत्रातून खालचा आवाज आला. बाईमाणसाचा आवाज होता, चढा. साहेबांनी कोथिंबिरीवरून वाकून पाहिले.

“या बाई पाऊण तासापासून आपल्या दाराशी भांडतायत. ऐका तर.”

खाली मुख्य दारापाशी, उन्हात, बॅग घेऊन वृषाली उभी होती.

“अरे बाबा, शंभरदा सांगितलं, डोईफोड्यांना भेटायचंय!”

“आपल्या नामावलीत या नावाची इतर व्यक्ती नाही,” दाराने सांगितले. “डोईफोडे नावाच्या आपण स्वतः आहात. आपण स्वतःला भेटू इच्छिता का?”

“मी सतरा तास बस बदलत आलेय! कोल्हापूर केलं, सोलापूर केलं...”

“आपला दिवस शुभ जावो.”

“वृषाली!” डोईफोडे ओरडले. पण इमारतीच्या थंड हवेसाठी काच पक्की बसवलेली होती. आतला आवाज बाहेर जात नसे, बाहेरचा दाराच्या यंत्रातून तेवढा आत येई. खाली जाऊन तिला भेटणे शक्य होते. मात्र एकदा बाहेर पडलेला कर्मचारी पाचपर्यंत आत घेऊ नये, असा दाराला आदेश होता. चार वाजून पंचवीस मिनिटे झाली होती.

“साहेब, उठा,” डोईफोडे म्हणाले. आयुष्यात त्यांनी सहसंचालकाला प्रथमच उठा म्हटले. साहेब उठले.

डोईफोड्यांनी साहेबांच्या संगणकावर काळा पडदा उघडला. तिथे नामावली लागत नाही. धोरणाचा क्रमांक आणि कर्मचाऱ्याचा क्रमांक दिला की झाले. स्वतःचे धोरण ७७१४ हे त्यांनी नुकतेच पाहिले होते, आणि बायकोचा कर्मचारी क्रमांक त्यांना पाठ होता. वाढदिवस पाठ नव्हता हा भाग वेगळा. त्यांनी टंकले: वृषालीला ७७१४मध्ये घ्या.

पडदा थांबला. मग सौहार्दचा आवाज आला, या वेळी थोडा चिंतेचा. “साहेब, या दोन व्यक्तींचा दाह-अंक एक्क्याण्णव आहे. एकत्र आल्यास कलह होण्याची शक्यता सत्त्याण्णव टक्के. पुढे जायचे?”

साहेबांनी डोईफोड्यांकडे पाहिले. “काय सांगू?”

“हो म्हणा. ती शक्यता मला पंचवीस वर्षांपासून माहीत आहे.”

“हो,” साहेब म्हणाले.

खाली दार उघडले. त्याच क्षणी डोईफोड्यांच्या खिशातला फोन वाजला.

“कुठे आहात?”

“वर बघ. तिसरा मजला, कोथिंबीर दिसतेय तिथे.”

तिने वर पाहिले. तिथून ती लहान दिसत होती आणि बॅग मोठी.

“अकरा दिवस, अहो! अकरा! नोटिशीला मुदत अठ्ठेचाळीस तासांची होती!”

“मला वाटलं तू लपलीस.”

“मी का लपू? वाढदिवस मी विसरले का? आणि शर्वरी सांगते, बाबा कढी करायला शिकलेत. मला धस्स झालं. तुम्ही कढी करताय म्हणजे माझ्याशिवाय राहायची तयारी चाललीये.”

“खुलासा तयार आहे. तोंडी देऊ?”

“लेखी लागेल,” वृषाली म्हणाली. मग तिचा आवाज जरा खाली आला. “अर्ज भरला का?”

“कुठला? तूच नव्हतीस निवडायला.”

“मग बोलत काय बसलात!”

ती जिना चढू लागली. साहेब आता उत्साहात आले होते. चौदा महिन्यांनी त्यांच्या अधिकाराने काहीतरी घडले होते. ते डोईफोड्यांच्या खांद्यावरून पडद्यात डोकावत म्हणाले, “अहो, हे तर सोपं आहे. आणखीही अशी जोडपी असतील ना? शंभर-दोनशे? क्रमांक काढा, मी हो म्हणत जातो. पाचला अजून पंचवीस मिनिटं आहेत.”

डोईफोड्यांना किनवटचे श्री. घोगरे आठवले. पण घोगरे मॅडमना तर शांतता हवी होती. आणि बाकीच्यांचे क्रमांक शोधायचे म्हणजे पुन्हा ती अकरा हजार ओळींची यादी.

“साहेब, आधी माझं होऊ दे. बाकीच्यांचं उद्या बसून करू, सावकाश.”

“बरं, उद्या,” साहेब म्हणाले. “उद्या येणार ना तुम्ही नक्की?”

वृषाली धापा टाकत आत आली. तिने साहेबांना नमस्कार केला, नवऱ्याकडे पाहिले, आणि तो किती वाळला आहे याबद्दल बोलायचे पुढे ढकलून खुर्ची ओढली. रकान्यात ‘वृ’ लिहिताच तिचे पूर्ण नाव आले. ठिकाण, सोलापूर. संमती म्हणून तिने आपल्या फोनवर अंगठा दिला. मधेच प्रणाली अडकली. कारण ‘एकत्र राहण्याचे कारण किमान दोनशे अक्षरांत’ असा रकाना होता.

“लिहा,” ती म्हणाली.

“काय लिहू?”

“सरका.” तिने स्वतः लिहिले: ‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की...’ आणि एका दमात दोनशे चौदा अक्षरे पुरी केली. ती वाचून डोईफोड्यांनी चष्मा काढला आणि तो बराच वेळ पुसला. काय लिहिले होते ते त्यांनी पुढे कोणालाही सांगितले नाही.

चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी अर्ज गेला. पोच आली: ‘अर्ज क्रमांक १.’

“पहिला नंबर!” उखळीकर साहेबांनी टाळ्या वाजवल्या. “आता सोलापूर नक्की.” मग तिघांनी साहेबांच्या हातचा चहा घेतला, आणि त्यात साखर किती असावी यावरून डोईफोडे पती-पत्नींचे पाच मिनिटे भांडण झाले.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, कार्यालय बंद होते. सोमवारी वृषालीची रजा संपत असल्याने डोईफोडे तिला कोल्हापूरपर्यंत पोचवायला गेले.

पती-पत्नी एकत्रीकरण समितीची बैठक बोलावण्यासाठी, नियमावलीप्रमाणे, किमान पाच अर्ज लागतात. त्या वर्षी संपूर्ण महामंडळातून एक अर्ज आला. बैठक झाली नाही.